म्हापशाच्या मास्तरांचं झेरॉक्सचं दुकान

पाटीवर नाव नाहीच. पांढऱ्या पत्र्यावर लाल अक्षरांत ‘झेरॉक्स, टायपिंग, लॅमिनेशन, ऑनलाईन फॉर्म’ एवढंच. गोव्यातल्या म्हापशाच्या मार्केटात केळीवाल्यांची ओळ संपते तिथून डावीकडच्या गल्लीत शिरलं की तिसरा गाळा. मालकांना सगळे मास्तरच म्हणतात. पूर्वी ते कोर्टाबाहेर टाईपरायटर घेऊन बसायचे. एका बाजूची प्रत २ रुपये, टायपिंग पानाला ३० रुपये. दर इतर दुकानांसारखेच.

मी पेडण्याला राहते. झेरॉक्सची दुकानं आमच्याकडेही आहेत, तरी आधार, पॅन, पासपोर्ट असलं काही असलं की मी बस धरून म्हापशालाच येते. लोक विचारतात, दोन रुपयांच्या प्रतीसाठी एवढं? त्याचं उत्तर द्यायचं तर घरातली गोष्ट सांगावी लागेल.

माझा धाकटा भाऊ तारवटी. क्रूझ जहाजाच्या स्वयंपाकघरात असतो, वर्षातले सात-आठ महिने समुद्रावर. २०२४ च्या पावसाळ्यात तो घरी आला होता. नव्या कंपनीने नावावर गुन्हा नसल्याचा पोलिसांचा दाखला (पीसीसी) मागितला. पीसीसी म्हणजे तारवट्याच्या घरात नेहमीचाच कागद, दोनदा मिळालेला. अर्ज केला आणि विसरलो. दाखल्याऐवजी पोलीस ठाण्यातून बोलावणं आलं. परराज्यातल्या एका ठाण्यात त्याच्या नावावर गुन्हा नोंद आहे म्हणाले. कोणा म्हाताऱ्या माणसाला फोन करून, बँकेतून बोलतोय असं सांगून पैसे काढून घेतले होते. तो फोन ज्या नंबरावरून गेला, तो नंबर माझ्या भावाच्या नावावर.

आई दोन दिवस जेवली नाही. ‘खरं सांग, कोणाला सिम दिलं होतंस का’ असं तिने त्याला एकदा विचारलं. एकदाच. पण त्या प्रश्नाने तो जितका खचला तितका पोलिसांच्या बोलावण्यानेही खचला नव्हता.

असलं प्रकरण कसं उभं राहतं ते तेव्हा समजलं. तपास नंबरावरून सुरू होतो. पोलीस फोन कंपनीकडे त्या नंबराचा अर्ज मागतात, अर्जावर नाव-पत्ता असतो, तो गुन्ह्याच्या कागदात चढतो. फोनवर बोलणारा माणूस केव्हाच पसार झालेला असतो, हाताला लागतो तो कागदावरचा माणूस. आणि एका राज्यात चढलेलं नाव तिथेच राहत नाही. पोलिसांची ठाणी आता सीसीटीएनएस नावाच्या जाळ्याने जोडलेली आहेत, त्यामुळे तिकडची नोंद इथे पेडण्यातही दिसते. चोर पकडायला ही सोय हवीच, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण चुकीचं नावही तेवढ्याच वेगाने पोहोचतं. गुन्ह्याला लावलेली कलमं पाहून मला रडू आलं. माहिती तंत्रज्ञान कायद्याचं ६६ सी आणि ६६ डी, म्हणजे दुसऱ्याची ओळख चोरणं आणि तोतयेगिरी करून फसवणं. प्रत्येक कलमाला तीन वर्षांपर्यंत कैद. ज्याची ओळख चोरली, त्याच्यावरच ओळख चोरल्याचा आळ.

वकिलांनी खटपट करून सिमच्या अर्जाची प्रत मिळवली. त्यावरचा फोटो कोणा भलत्याच माणसाचा, दाढीवाला, पस्तिशीचा. सही इंग्रजीत, माझा भाऊ मराठीत करतो. पण खाली जोडलेली आधारची प्रत त्याचीच होती. ती पाहिल्यावर माझे हातपाय गार पडले. प्रत तिरकी होती, खालचा कोपरा कापला गेलेला, पत्त्यातला ‘पेडणे’ अर्धाच उमटलेला. आणि डाव्या अंगाला वरपासून खालपर्यंत केसाएवढी बारीक काळी रेघ.

ती रेघ माझ्या ओळखीची होती. २०२१ मध्ये त्याच्या कागदपत्रांच्या पाच प्रती मीच काढून आणल्या होत्या, एका दुकानातून. त्या मशीनमधून निघणाऱ्या प्रत्येक पानावर ती रेघ यायची. घरच्या फायलीत उरलेल्या दोन प्रतींवर ती आजही आहे. पहिली प्रत तिरकी आली तेव्हा दुकानदार ‘ही राहू दे’ म्हणाला, ती बाजूला रद्दीच्या गठ्ठ्यावर टाकली आणि मला दुसऱ्या पाच दिल्या. मी पैसे चुकते केले आणि निघाले. ती वाया गेलेली प्रत माझ्या भावाची आहे, ती परत मागावी, हे माझ्या डोक्यातही आलं नाही. त्या गठ्ठ्यावरून ती कोणी उचलली याचा पुरावा माझ्याकडे नाही, म्हणून त्या दुकानाचं नाव मी घेत नाही.

मास्तरांकडे आम्ही पोहोचलो ते वकिलांच्या हाताखालच्या मुलीमुळे. ‘निवेदन तिथूनच टाईप करून आणा, त्यांना कागद मांडता येतो,’ ती म्हणाली. मांडता येतो म्हणजे काय ते तिथे बसल्यावर कळलं. आम्ही रडगाणं घेऊन गेलो होतो. मास्तरांनी सगळं ऐकून घेतलं आणि भावाला एकच विचारलं, “सिम घेतलं त्या दिवशी तू खंय आशिल्लो?” तो म्हणाला, तारवार, म्हणजे जहाजावर. “तर मग तेंच पयलीं बरोवया,” म्हणजे तेच आधी लिहू. त्यांनी पानाचे दोन रकाने केले. डावीकडे सिमच्या अर्जाची तारीख, फसवणुकीच्या फोनची तारीख. उजवीकडे त्या त्या दिवशी हा कुठे होता, आणि त्याचा पुरावा कोणत्या पानावर. तारवट्याच्या सीडीसीत, म्हणजे त्याच्या नोकरीच्या नोंदवहीत, जहाजावर चढल्याची आणि उतरल्याची नोंद शिक्क्यासह असते. पासपोर्टवर देश सोडल्याचा आणि परत आल्याचा शिक्का असतो. सिम घेतलं २०२३ च्या जानेवारीत, आणि हा ऑक्टोबर २०२२ पासून जून २०२३ पर्यंत समुद्रावर. आठ पानांची आमची कैफियत मास्तरांनी दीड पानात बसवली. तपास अधिकाऱ्याने पुढे तेच दीड पान समोर ठेवून जबाब घेतला. त्या कामाचे मास्तरांनी ४५ रुपये घेतले.

आता दुकानाबद्दल, कारण मुख्य सांगायचं ते हेच.

मास्तर मशीनचं झाकण उघडण्याआधी विचारतात, “बाय, ही प्रत कित्याक जाय?” पहिल्यांदा मला ही चौकशी आगाऊपणाची वाटली होती. प्रत निघाली की ती निळ्या बॉलपेनासह तुमच्यासमोर येते. तिच्यावर आडवं, मजकुराला छेदून पण फोटो आणि नाव वाचता येईल असं, कशासाठी, कोणाला आणि कोणत्या तारखेला दिली ते तुम्हीच लिहायचं आणि सही करायची. ‘फक्त पीसीसी अर्जासाठी, १२-८-२०२४’. अशी प्रत सिमच्या अर्जाला जोडता येत नाही. जोडलीच, तर ती कुठून सुटली ते त्या ओळीवरूनच कळतं. आमच्या प्रकरणात ती काळी रेघ योगायोगाने होती. मास्तर ती रेघ मुद्दाम ओढायला लावतात.

चुकलेली, तिरकी, फिकट आलेली प्रत ते गिऱ्हाईकाच्या हातात देतात. काउंटरच्या कडेला हाताने फिरवायचं कागद कातरायचं मशीन आहे, आपली प्रत आपणच त्यात घालायची. मी पहिल्यांदा ते हँडल फिरवलं आणि खालच्या डब्यात शेवयांसारख्या पट्ट्या पडताना पाहिल्या, तेव्हा २०२१ ची ती दुपार डोळ्यांपुढे आली. दुकानात रद्दीचा गठ्ठा नाही. मी मुद्दाम वाकून काउंटरखालीही पाहिलंय.

कॉम्प्युटरचंही तसंच. स्वतःच्या व्हॉट्सॲपवर ते कोणाचे कागद घेत नाहीत. फाईल आपल्या पेनड्राईव्हवर न्यायची, नाहीतर आपला ईमेल आपणच उघडायचा आणि आपणच बंद करायचा. ओटीपी आला की मास्तर खुर्ची मागे सारतात आणि कीबोर्ड आपल्याकडे ढकलतात. काम झाल्यावर उतरवलेली फाईल पुसतात, मग कचऱ्याच्या डब्यातूनही पुसतात, आणि रिकामी खिडकी दाखवतात. हे का, ते त्यांनी मला समजावलं. आधारच्या पीडीएफला पासवर्ड असतो म्हणून लोक निर्धास्त राहतात, पण तो पासवर्ड म्हणजे नावाची पहिली चार इंग्रजी अक्षरं आणि जन्मसाल. फाईल दुकानाच्या कॉम्प्युटरवर राहिली आणि तुमचं नाव नि वय ठाऊक असलं, की ते कुलूप नावालाच.

चालत असेल तिथे ते मास्क्ड आधार काढून देतात. त्यात बारापैकी पहिले आठ आकडे झाकलेले असतात, शेवटचे चार दिसतात. हॉटेलात, भाड्याच्या खोलीसाठी एवढं पुरतं. २०२२ च्या मे महिन्यात आधारच्या बंगळुरू कार्यालयाने ‘आधारची झेरॉक्स कोणालाही देऊ नका, मास्क्ड द्या’ असा सल्ला काढला होता आणि दोन दिवसांत तो मागे घेतला गेला. लोकांच्या मनात तेव्हापासून गोंधळच आहे. मास्तरांच्या दुकानात तो नाही.

संचार साथी ही सरकारी साईट मी त्यांच्याकडेच पहिल्यांदा उघडली. २०२३ च्या मे महिन्यात ती सुरू झाली. आपला नंबर घालून ओटीपी दिला की आपल्या नावावर किती मोबाईल नंबर आहेत ते दिसतं. आईचं पाहिलं, तर तीन. दोन आमचे, तिसरा कोणाचाच नाही. ‘हा माझा नंबर नाही’ असा पर्याय तिथेच असतो, तो निवडून तक्रार केली. एका माणसाच्या नावावर इथे नऊ सिम निघू शकतात, तेव्हा आपल्या नावावर सहा परके नंबर फिरत असले तरी वाऱ्यालाही कळणार नाही. घरातल्या प्रत्येकाचं वर्षातून दोनदा पाहत जा. हे काम घरबसल्या फुकट होतं, मास्तरही त्याचे पैसे घेत नाहीत.

उणं सांगायचं तर वेळ लागतो. चार प्रतींना वीस मिनिटं गेली असं झालंय. घाईतला माणूस मागून कुरकुरतो आणि मास्तर त्याच्याकडे बघतही नाहीत. वीज गेली की सगळं ठप्प, इन्व्हर्टर नाही. एका बँकेने माझी प्रत परत केली, कारण लिहिलेली ओळ जन्मतारखेवरून गेली होती. पुन्हा म्हापशाला यावं लागलं. तो हेलपाटा मला जड वाटला नाही, पण सगळ्यांना तसं वाटणार नाही. आणि लोक त्यांना वकील समजून सल्ला विचारतात. ते देत नाहीत, हे बरंच आहे. फसवणुकीत पैसे गेले असतील तर तिथे बसून अर्ज लिहू नका, आधी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाईनला फोन करा. मास्तरही तेच सांगतात आणि रायबंदरच्या सायबर ठाण्याकडे पाठवतात.

भावाच्या प्रकरणाला अकरा महिने लागले. दोषारोपपत्र दाखल झालं तेव्हा त्यात त्याचं नाव आरोपींत नव्हतं, साक्षीदारांत होतं. मधल्या काळात एक करार हातचा गेला, आणि पेडण्यात दोन घरांनी आमच्याकडे येणं थांबवलं ते अजून सुरू केलेलं नाही. अमेरिकेतली एक बातमी मी त्या दिवसांत रात्री-रात्री वाचत बसायचे. एकाने तीसहून जास्त वर्षं दुसऱ्याच्या नावाने काढली, आयोवातल्या मोठ्या इस्पितळात नोकरी केली. खऱ्या नावाचा माणूस स्वतःच्या नावासाठी बँकेत भांडला, तर त्यालाच तोतया ठरवून पकडलं. ४२८ दिवस तुरुंगात, १४७ दिवस मनोरुग्णालयात. शेवटी वडिलांच्या डीएनएने तो तोच असल्याचं सिद्ध झालं. आमच्याकडे सीडीसीवरचे शिक्के होते. गावात राहून मजुरी करणाऱ्या माणसाने जानेवारीतल्या एका मंगळवारी आपण कुठे होतो ते कशाने दाखवायचं? हा प्रश्न माझ्या मनातून जात नाही. आणि आमच्या तालुक्यात परब, नाईक, गावकर घरटी सापडतात, बापाचं नावही जुळतं. तिथे कोणी चोरी केली नाही तरी एकाची नोंद दुसऱ्याच्या माथी येऊ शकते.

आता तो पुन्हा जहाजावर आहे. दाखला कोणत्याही शेऱ्याशिवाय मिळाला. तरी वकिलांच्या सांगण्यावरून दोषारोपपत्राची प्रमाणित प्रत तो सीडीसीच्या प्लास्टिकच्या पाकिटातच ठेवतो, पुढे कुठे नाव अडकलं तर काढून दाखवायला. ती प्रतही मास्तरांकडेच काढली. त्या प्रतीवर कशासाठी लिहायचं ते आम्हाला सुचेना. मास्तरांनी थोडा विचार केला आणि म्हणाले, “हांगा कांय बरोवं नाका. ही तुजीच.”

पाचपैकी साडेचार. अर्धा वीज नि वेळेसाठी कापला. सकाळी ९ ते १ आणि दुपारी साडेतीन ते ७ उघडं, रविवारी बंद. शुक्रवारी बाजाराची गर्दी असते, तेव्हा जाऊ नका. मूळ कागद न्या, फोनवरचा फोटो ते घेत नाहीत. आणि प्रत कशासाठी हवी ते आधी ठरवून जा, सांगितल्याशिवाय मास्तर झाकण उघडत नाहीत.