गाडीच्या छताचं लोंबलेलं कापड: घरी चिकटवायचं की कुशनवाल्याकडे न्यायचं?

सेकंडहँड सेडान घेताना इंजिनाची चौकशी सगळे करतात, छताकडे मान वर करून कोणी बघत नाही. माझ्या 2006 च्या गाडीचं रूफ लायनिंग आधी मागच्या काचेपाशी सुटलं आणि पावसाळा सरेपर्यंत त्याची झोळी झाली. मी आधी घरी चिकटवलं, मग कुशनवाल्याकडून बदलून घेतलं. दोन्हीकडे पैसे घातलेत, म्हणून सांगतो.

घरचा उपाय स्वस्त, यात वाद नाही. स्प्रेचा गोंद, एक रविवार आणि हाताखाली भाचा. दोन महिने मी येणाऱ्याजाणाऱ्याला छत दाखवत होतो. मग नागपूरचा मे लागला, पारा 45 कडे सरकला आणि दुपारभर उन्हात तापलेल्या गाडीत गोंद पाघळला. मागे आई बसली होती. कापडाची कड उलटी होऊन तिच्या अंबाड्याला चिकटली. खोबरेल लावून सोडवावी लागली. ती काही बोलली नाही, येताना मात्र पुढे बसली.

दोष बहुधा गोंदाचा नव्हता. कापडामागे फोमचा पातळ थर असतो. उष्णतेनं आणि दमटपणानं वर्षानुवर्षांत त्याचा भुगा होतो, आणि आपण गोंद मारतो तो त्या भुग्यावर. तो काय धरणार? तोच पिवळट भुगा शर्टाच्या कॉलरवरही पडत राहतो.

कुशनवाल्यानं हँडल, सनवायझर, काचांमधल्या खांबांची प्लास्टिकं काढून, कापड ज्यावर चिकटलेलं असतं तो आख्खा बोर्ड बाहेर घेतला, खरवडून साफ केला आणि फोमचं नवं कापड चढवलं. खर्च बराच जास्त, गाडी दोन दिवस अडकते आणि जुन्या क्लिपा तुटतात. माझ्या तीन गेल्या. एक खांब अजून खड्ड्यात कुरकुरतो. छताच्या कडेला कर्टन एअरबॅग (अपघातात बाजूच्या काचांवर पडद्यासारख्या उघडणाऱ्या हवेच्या पिशव्या) असतील तर जाणत्या माणसाखेरीज कोणाला हात लावू देऊ नका.

गाडी सहा महिन्यांत विकायची असेल तर टाचण्यांवरही भागेल. बोर्ड स्वतः उतरवणाऱ्यांची गोष्ट वेगळी, मला ते जमलं नसतं. ठेवायची असेल तर मी आपला कुशनवाल्याकडेच जाईन. फक्त बिनफोमचं साधं कापड घेऊ नका, गोंद आरपार येऊन डाग पडतात. आणि भुगा खरवडताना तिथं उभे राहा. घाईत असला की तोही वरच्यावर चिकटवून देतो.