चासी सरळ केलेली पद्मिनी: दिवाळी ते गणपती, वापरानंतरचा अनुभव

माझ्याकडील प्रीमियर पद्मिनी 1986 सालची असून तिचे पूर्वायुष्य रत्नागिरीत, म्हणजे खाऱ्या हवेत गेले आहे. गेल्या दिवाळीच्या सुमारास कोल्हापूरच्या एका गॅरेजमध्ये तिच्या पुढच्या सांगाड्याची दुरुस्ती करून घेतली आणि त्यानंतर एक पूर्ण उन्हाळा व एक पूर्ण पावसाळा गाडी घाटात, महामार्गावर आणि खड्ड्यांच्या रस्त्यांवर नियमित चालवली. जुन्या गाडीचे पत्रेकाम ताब्यात घेताना नेहमीच देखणे दिसते, ते खरोखर टिकते की नाही हे पावसाळ्यानंतरच कळते. म्हणून लिहिण्यासाठी गणपतीपर्यंत थांबलो.

आधीची तक्रार साधी होती. हात सैल सोडला की गाडी डावीकडे ओढायची, वळणानंतर स्टिअरिंग पुरते परत यायचे नाही आणि डाव्या पुढच्या टायरची बाहेरची कड झपाट्याने झिजायची. आपल्याकडे रस्त्याचा उतार डाव्या कडेला असल्यामुळे थोडी डावी ओढ कोणत्याही गाडीला जाणवते, पण ही ओढ रस्त्याच्या मधोमधही तितकीच होती. व्हील अलाइनमेंटच्या (चाकांचे कोन मोजून जुळवण्याच्या) दोन ठिकाणी टो-इन, म्हणजे पुढची चाके समोरच्या बाजूला किती आत वळलेली आहेत ते माप, जुळवून दिले गेले. एका ठिकाणी तर ‘गाडी जुनी आहे, एवढेच होणार’ असा निकालही मिळाला. टो-इन जुळले तरी ओढ गेली नाही, आणि जाण्याचे कारणही नव्हते.

ओढीचे कारण अलाइनमेंटच्या संगणकाच्या छापील कागदावरच दिसत होते, फक्त तो कागद कोणी वाचत नव्हते. डाव्या चाकाचा कॅस्टर, म्हणजे चाक ज्या अक्षाभोवती वळते त्याचा मागे झुकण्याचा कोन, जेमतेम अर्धा अंश, उजव्याचा सव्वादोन. ज्या बाजूला कॅस्टर कमी त्या बाजूला गाडी ओढते. कॅम्बर, म्हणजे चाकाचा वरचा भाग बाहेर झुकण्याचा कोन, डावीकडे अधिक दीड, उजवीकडे अधिक अर्धा, म्हणजे तीही ओढ डावीकडेच. खरी मेख मात्र किंग पिनच्या, म्हणजे पुढचे चाक ज्या उभ्या खिळीभोवती वळते तिच्या, आत झुकण्याच्या कोनात होती. तो डावीकडे पाच अंश आणि उजवीकडे सहा अंश भरला. कॅम्बर आणि किंग पिनचा कोन यांची बेरीज दोन्ही बाजूंना साडेसहाच येते, याचा अर्थ स्टब अ‍ॅक्सल, म्हणजे चाक ज्यावर फिरते तो छोटा दांडा, वाकलेला नाही. तो ज्यावर बसला आहे ती जागाच कलली आहे. स्टब अ‍ॅक्सल वाकला असता तर ही बेरीज बिघडली असती. शिम, म्हणजे पातळ पत्र्याच्या चकत्या, घालून कॅम्बर आणि काही प्रमाणात कॅस्टर सुधारता येतो, परंतु सरकलेला आधार शिमने जागेवर येत नाही.

पद्मिनीला जीपसारखी स्वतंत्र चासी, म्हणजे बॉडीखालचा वेगळा सांगाडा, नसते. 1953 साली इटलीत आलेल्या फियाट 1100 च्या एकसंध बॉडीची मांडणीच कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यात 1964 पासून बनू लागलेल्या गाडीत आली आणि 1974 मध्ये नाव पद्मिनी झाले तरी ती तशीच राहिली. गॅरेजमध्ये ज्यांना चासी म्हणतात ते पुढचे दोन दांडे म्हणजे पत्र्याच्या बंद पेट्या असतात. इंजिन, क्रॉस मेंबर (दोन दांड्यांना जोडणारा आडवा भाग), स्टिअरिंग बॉक्स या सगळ्यांचा भार अखेरीस त्यांच्यावर येतो. या पेट्यांत चिखल शिरतो, सुकत नाही आणि पत्रा आतून खातो. माझ्या गाडीचा डावा दांडा एका जुन्या अपघातात मागे ढकलला गेला होता, त्यावर कोणीतरी पितळी झाळ देऊन पट्टी मारली होती आणि वरून लांबी, म्हणजे खळगे भरायचा लगदा, भरून रंग दिला होता. लोहचुंबक तिथे चिकटतच नव्हते.

गॅरेजच्या मिस्त्रींच्या कामातला मला सर्वाधिक पटलेला भाग म्हणजे कापाकापीआधीची मोजणी. त्यांच्याकडे कोणतेही महागडे मोजमाप-यंत्र नाही. त्यांनी गाडी सपाट कोब्यावर चार घोड्यांवर (स्टँडवर) समतल उभी केली, सांगाड्यावरील नेमक्या जागांवरून, म्हणजे दोन्ही दांड्यांची पुढची टोके, क्रॉस मेंबरचे बोल्ट, मागच्या पाट्यांचे (लीफ स्प्रिंगचे) पुढचे डोळे यांवरून ओळंबा सोडला आणि ओळंब्याचे टोक जिथे टेकले तिथे खडूने फुली मारली. नंतर गाडी ढकलून बाजूला केली, तेव्हा जमिनीवर सांगाड्याचा नकाशा उरला. मधली रेषा सुताने आखून कर्ण मोजले, तर पुढच्या चौकटीचे दोन कर्ण 14 मिलिमीटरने वेगळे निघाले. पुढच्या-मागच्या चाकांमधले अंतर उजवीकडे कंपनीच्या 2340 मिलिमीटरच्या जवळ होते, डावीकडे 11 मिलिमीटरने कमी. हा दोष मागच्या अ‍ॅक्सलचा तर नाही ना, हे पाट्यांचे सेंटर बोल्ट तपासून आधीच पक्के केले होते. मागचा अ‍ॅक्सल तिरका असेल तर पुढे कितीही सरळ केले तरी गाडी खेकड्यासारखी चालते.

ओढण्याचे काम साखळी व हायड्रॉलिक जॅकने, पत्रा न तापवता, थोडे थोडे करून झाले. पत्रा सोडल्यावर काही अंशी मागे येतो, म्हणून प्रत्येक वेळी हवे त्यापेक्षा किंचित जास्त ओढून, सोडून, पुन्हा ओळंबा धरून पाहिले जाई. खाल्लेला भाग ओढ पूर्ण झाल्यावरच कापला, कारण आधी कापला असता तर ओढायला धरायचे कशाला हा प्रश्न आला असता. नवा तुकडा 16 गेजच्या पत्र्याचा, मूळ पेटीच्या आकारात वाकवून, सीओटू वेल्डिंगने लावला. सलग झाळ न देता एकदा इकडे, एकदा तिकडे अशा छोट्या टाक्यांनी, म्हणजे उष्णतेने ओढ येत नाही. या सर्व काळात दरवाजे गाडीवरच होते. दरवाजा आणि खांब यांमधली फट वर-खाली सारखी राहते की नाही, ही दिवसाअखेरची तपासणी होती.

सुट्या भागांबाबत थोडक्यात सांगतो. किंग पिन आणि त्यांचे बुश (आतल्या नळ्या), टाय रॉडची (स्टिअरिंगची ओढ चाकांपर्यंत नेणाऱ्या दांड्यांची) टोके व आर्मचे (चाक सांगाड्याला जोडणाऱ्या दांड्यांचे) रबरी बुश बदलले. 2003 मध्ये नोंद झालेली मुंबईची शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर 2023 अखेर रस्त्यावरून उतरली, त्यामुळे नव्या भागांना टॅक्सीवाल्यांचे जे हुकमी गिऱ्हाईक होते ते आता नाही. कुर्ल्याच्या जुन्या मालाच्या बाजारात चांगले क्रॉस मेंबर आणि आर्म अजून मिळतात, पण भाव सांगणाऱ्याच्या मर्जीवर असतो. पत्रेकाम आणि सांगाडा ओढणे मिळून 40 हजारांच्या घरात आणि सुटे भाग व टर्नरचे (लेथवरचे) काम मिळून त्याच्या साधारण निम्मे, असा खर्च आला.

आता वापराविषयी. ताब्यात घेताना कॅस्टर दोन्हीकडे दोनच्या आसपास होता आणि फरक पाव अंशाच्या आत होता, कर्णांतला फरक 3 मिलिमीटरवर आला होता, टो-इन रेडियल टायरला साजेसा कमी, सुमारे 2 मिलिमीटर ठेवला होता. पहिला बदल खंबाटकीच्या वळणांवर जाणवला: वळण संपताना स्टिअरिंग हातातून आपोआप सरळ येते, त्याला परत आणावे लागत नाही. स्टिअरिंग पूर्वीपेक्षा थोडे जड झाले आहे, विशेषतः गाडी लावताना. डाव्या चाकाचा कॅस्टर वाढल्याचा हा स्वाभाविक परिणाम आहे आणि मला तो मान्य आहे. सरळ रस्त्यावर ताशी 70 च्या वेगाला हात सैल केला तर गाडी उताराच्या बाजूला हळूहळू जाते, पूर्वीसारखी झेप घेत नाही. ब्रेक दाबल्यावरही ती डावीकडे ओढायची, तो दोष आधी व्हील सिलिंडरवर ढकलला जात होता. सिलिंडरला हात न लावता तो गेला आहे.

टायरची झीज हा माझ्या मते सर्वांत प्रामाणिक पुरावा. दोन्ही पुढच्या टायरच्या नक्षीची खोली आत, मधे आणि बाहेर दर दोन महिन्यांनी मोजत आलो आहे आणि डाव्या टायरची बाहेरची कड आता उजव्यापेक्षा वेगळी दिसत नाही. तळहात नक्षीवरून आडवा फिरवला तर दोन्ही दिशांना सारखाच गुळगुळीत लागतो. टो-इन बिघडले असते तर एका दिशेला करवतीचे दात लागले असते.

उणिवाही आहेत. आर्मच्या रबरी बुशांपैकी दोन पावसाळ्याआधीच भेगाळले. सांगाड्याच्या कामाचा हा दोष नाही, रबराच्या दर्जाचा आहे. बसवताना नट गाडी चाकांवर उभी करूनच आवळले होते, तेव्हा रबराला पीळ पडल्याची शक्यता नाही. दुसरीकडून आणलेले बुश अजून ठीक आहेत. ते बदलल्यावर अलाइनमेंट पुन्हा करावे लागले, तो खर्च वेगळा. बॉनेटची डावी फट उजवीपेक्षा अजूनही दोन-तीन मिलिमीटर रुंद आहे. मिस्त्रींनी ती बिजागरीतून काढून देण्याची तयारी दाखवली, पण त्यासाठी फेंडर सोडवावा लागेल, म्हणून मी ती तशीच ठेवली आहे. चाकाच्या कमानीत आतून मारलेला काळा थर दगड उडून एका ठिकाणी सुटला आणि तिथे तांबूस डाग दिसला. नव्या पेटीच्या आत मात्र ओतलेले मेण शाबूत आहे. पाणी निचरण्याच्या भोकांतून जुन्या स्पीडोमीटरची तार सरकवून पाहिली, ती कोरडी व मेणाने माखून बाहेर आली.

ज्यांच्या पद्मिनीत नुसती टायरची झीज आहे त्यांनी लगेच सांगाड्याचे काम काढू नये. आधी किंग पिन आणि बुश यांचा खेळ तपासावा, मग चारही चाकांचे अलाइनमेंट करून किंग पिनच्या कोनासह संपूर्ण कागद मागावा आणि त्या कोनाची कॅम्बरशी बेरीज दोन्ही बाजूंना करून पाहावी. बेरीज सारखी पण कोन वेगळे असतील, तरच ओळंबा आणि खडू घेऊन बसणारा मिस्त्री शोधावा. दर हजार किलोमीटरला किंग पिनच्या निपलांना ग्रीस देणे मी चालू ठेवले आहे. पुढचे अलाइनमेंट येत्या दिवाळीनंतर आहे आणि त्याच वेळी कमानीतला तो डाग खरवडून पुन्हा थर देण्याचे ठरले आहे.