जुनी डिझेल पिकअप ठेवावी की नवी घ्यावी: दोन्ही काही महिने चालवल्यानंतरचा अनुभव

आधी निकाल सांगतो, म्हणजे घाईत असलेल्यांचं काम होईल. आम्ही जुनी डिझेल पिकअप विकली नाही. तिचं काम काढलं आणि आता बरेच महिने ती रोजच्या लोडला चालते आहे. त्याच सुमारास धाकट्या भावाने नवी पिकअप घेतली. धंदा एकत्र असल्यामुळे दोन्ही गाड्या दोघांच्याही हाताखाली असतात. दोन्ही भरपूर चालवल्यावर माझं मत पक्कं झालंय: गाडीची चेसिस (खालचा लोखंडी सांगाडा) कशी आहे आणि गाडी दिवसभर कसल्या फेऱ्या मारते, या दोन गोष्टींवर जवळपास सगळा निर्णय होतो. वय, किलोमीटर, मॉडेल हे सगळं त्यानंतर.

आमची जुनी म्हणजे साधं डिझेल. डिझेल ढकलणारा रोटरी पंप, पंपापासून सिलिंडरमध्ये डिझेल फवारणाऱ्या प्रत्येक नोझलपर्यंत एकेक लोखंडी पाइप, आणि इंजिन बंद करायला पंपावर एक सोलेनॉइड, म्हणजे विजेवर चालणारा व्हॉल्व. सेल्फ लागला आणि त्या सोलेनॉइडला करंट मिळत राहिला की इंजिनाचं विजेवाचून अडत नाही. नव्या गाडीत कॉमन रेल आहे, म्हणजे सगळ्या नोझलना एकाच सामाईक नळीतून फार मोठ्या प्रेशरचं डिझेल मिळतं. कारमध्ये हे तंत्र १९९७ साली आलं तेव्हा रेलमधलं प्रेशर १३५० बारच्या आसपास होतं, आता ते २००० बारच्याही वर जातं. जुन्या नोझलचं उघडण्याचं प्रेशर साधारण १२० ते २५० बार. हा फरक लक्षात ठेवा, दुरुस्तीच्या वेळी तोच समोर येतो.

ठेवायची की नाही हे बघताना लोक पहिल्यांदा बॉनेट उघडतात. आम्ही सुरुवात खालून केली. गाडी रॅम्पवर घेतली, खालून प्रेशरने धुतली, पूर्ण वाळू दिली. मग फिटरने लहान हातोडी घेऊन चेसिसच्या दोन्ही बाजू पुढून मागे ठोकत नेल्या. पत्रा शाबूत असेल तर आवाज खणखणीत येतो. आतून गंजाने खाल्लेला असेल तर आवाज बसका होतो, हातोडीखाली पापुद्रा सुटतो. मागच्या एक्सलवर चेसिस जिथे वर उचललेली असते ती जागा, पाट्यांच्या (लीफ स्प्रिंगच्या) हँगरच्या आजूबाजूचा भाग आणि हौद्याचे बोल्ट, इथे चिखल साठून राहतो, म्हणून इथे जास्त वेळ द्यायचा. चेसिस बंद पेटीसारखी असेल तर गंज आतून लागतो आणि वरचा रंग मात्र ठणठणीत दिसतो. आमच्या गाडीत हौद्याखालची एक आडवी पट्टी गेलेली निघाली, ती बदलली. मुख्य चेसिसचा आवाज शेवटपर्यंत एकसारखा आला आणि माझा कल तिथेच ठरला. इंजिन बांधता येतं, गिअरबॉक्स उघडता येतो, डिफरन्शियल बदलता येतं. हँगरजवळ कुजलेल्या चेसिसवर पट्टी वेल्ड करून लोड ओढणं मात्र आपल्या आणि रस्त्यावरच्या इतरांच्या जिवाशी खेळणं आहे. अशी गाडी कितीही लाडकी असली तरी ती कामावरून काढावीच.

इंजिनाची तपासणी थंड असताना करायची, रात्रभर उभ्या गाडीवर. विकणाऱ्याने आधीच गरम करून ठेवलेली गाडी बघण्यात अर्थ नाही. स्टार्ट झाल्यावर थोडा पांढरा धूर चालतो, पण तो इंजिन तापल्यावरही राहिला आणि पाणीही कमी होत असेल तर हेडगॅसकेटकडे (इंजिनाचा ब्लॉक आणि हेड यांमधल्या पॅकिंगकडे) संशय जातो. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय. लोडवर काळा धूर म्हणजे डिझेल जास्त किंवा हवा कमी. कित्येकदा एअर फिल्टर तुंबलेला किंवा टर्बोचा होज फाटलेला एवढंच निघतं, आणि लोक पंप काढायला सांगतात. मग आयडलवर ऑइलचं झाकण सोडून भोकावर उलटं नुसतं ठेवायचं. ते थरथरलं तर ठीक. उडून पडत असेल तर पिस्टनच्या रिंगांमधून कॉम्प्रेशन खाली येतंय. आमचं झाकण जागेवर थरथरत राहिलं. तरी फिटरने हीटर प्लग काढून प्रत्येक सिलिंडरचं कॉम्प्रेशन गेजवर मोजलं. चारही सिलिंडर एकमेकांच्या जवळ आले. एखादा सिलिंडर बाकीच्यांपेक्षा खूप खाली असणं जास्त वाईट, एकूण आकडा थोडा कमी असला तर चालून जातं.

इंजिन आयडलला थोडं लंगडत होतं. फिटरने १७ चा पाना घेतला आणि चालू इंजिनवर एकेका नोझलच्या पाइपचा नट किंचित ढिला केला. पहिल्याला इंजिनाचा आवाज पडला, नट कसला, आवाज परत आला. दुसऱ्यालाही तसंच. तिसऱ्याचा नट ढिला केल्यावर आवाजात काहीच फरक पडला नाही, म्हणजे तो सिलिंडर आधीपासूनच काम करत नव्हता. पाच मिनिटांत दोष सापडला, नोझल बदललं, लंगडणं गेलं. जुन्या इंजिनावर माझा जीव आहे तो यासाठी. पण हीच गोष्ट कॉमन रेलवर कुणीही, कधीही करू नये. त्या प्रेशरचा डिझेलचा बारीक झोत कातडी फोडून आत जातो, वरून जखम टाचणीएवढी दिसते आणि आत हाताचं नुकसान इतकं होतं की तातडीची शस्त्रक्रिया लागते. जुन्या सवयीचा हात नव्या इंजिनाला लावायचा नाही, हे मी आमच्याकडच्या प्रत्येक ड्रायव्हरला सांगून ठेवलंय.

काम काय काय केलं? नोझल, पंपाची सील, हीटर प्लग, क्लचप्लेट, पुढचे बॉल जॉइंट, मागच्या पाट्यांचे बुश, सगळे रबरी होज, ब्रेक.

यातल्या पंपाच्या सीलबद्दल सांगायला हवं, कारण जुनी गाडी ठेवणाऱ्या बऱ्याच जणांना हे भोगावं लागतं. युरोपच्या ईएन ५९० मानकात डिझेलमधलं गंधक २००९ पासून १० पीपीएमवर (दहा लाख भागांत १० भाग) आलं, अमेरिकेत २००६ पासून १५ पीपीएमच्या डिझेलकडे वळणं सुरू झालं. हवेसाठी हे फार चांगलं झालं. पण गंधक काढण्याच्या प्रक्रियेत डिझेलचा नैसर्गिक वंगणाचा गुणही कमी होतो, आणि रोटरी पंपाला आतून वंगण मिळतं ते डिझेलचंच. मानकानुसार बनवलेल्या डिझेलमध्ये वंगणाचं द्रव्य मिसळून ती कमी भरून काढलेली असते, म्हणून खात्रीच्या ठिकाणीच भरायचं. डिझेलचं हे रूप बदलल्यावर जुन्या रबरी सीलही आक्रसतात आणि पंप पाझरायला लागतो. पंप ओला दिसला की तो गेलाच असं समजू नका. नव्या प्रतीच्या सीलचा किट घालून जाणकार पंपवाल्याकडून टेस्ट बेंचवर कॅलिब्रेट करून घ्या. आमचा पंप तेवढ्यावर कोरडा झाला आणि अजून कोरडाच आहे. त्याच वेळी डिझेल फिल्टरचं पाणी काढायचा कॉकही दुरुस्त केला. पाणी दोन्ही पंपांचं वैरी, नव्याचं जरा जास्तच.

ब्रेकमध्ये एक भाग नेहमी दुर्लक्षित राहतो. बऱ्याच पिकअपच्या मागच्या एक्सलला एका दांड्याने जोडलेला व्हॉल्व असतो. हौदा भरला, गाडी बसली की तो मागच्या ब्रेकला जास्त प्रेशर देतो. रिकामी असली की कमी, त्यामुळे मागची चाकं लॉक होत नाहीत आणि गाडी गरकन फिरत नाही. जुन्या गाडीत हा व्हॉल्व गंजून एकाच जागी अडकलेला असतो आणि ब्रेक लागतोय म्हटल्यावर कुणी बघत नाही. पाटे बदलून किंवा जादा पाटा टाकून गाडी उंच केली की त्याचा हिशेबही बिघडतो. आमचा सोडवून, सेट करून घेतल्यावर रिकाम्या गाडीचा ओल्या रस्त्यावरचा ब्रेक ओळखू येईना इतका सुधारला.

आता महिन्यांचा अनुभव. जुनी गाडी थंडीत हीटरचा दिवा गेल्यावर पहिल्या सेल्फला सुरू होते. लोड ओढते, चढावर एक गिअर खाली घ्यावा लागतो. अधूनमधून किरकोळ काही निघतं: एकदा रिटर्न पाइप चिरला, एकदा अल्टरनेटरचे ब्रश संपले. दोन्ही वेळा दुपारपर्यंत गाडी परत कामावर. आवाज खूप आहे. लांबच्या प्रवासानंतर कान भणभणतात, पाठ बोलते, आणि हे मी हलक्यात घेत नाही, कारण थकलेल्या ड्रायव्हरचा ब्रेकवरचा पाय उशिरा पडतो.

नवी गाडी चालवायला सुख आहे. कमी आरपीएमला टॉर्क मिळतो, चढावर गिअर बदलावा लागत नाही, लिटरमागे दीडदोन किलोमीटर जास्त मिळतात. आणि एबीएस, एअरबॅग, स्टॅबिलिटी कंट्रोल. रिकाम्या हौद्याची पिकअप वळणावर मागून सटकते हे ज्याने अनुभवलंय त्याला स्टॅबिलिटी कंट्रोलची किंमत वेगळी सांगायला नको. जुन्या गाडीत कितीही खर्च केला तरी ही गोष्ट बसवता येत नाही. घरातली तरुण मुलं किंवा नवखे ड्रायव्हर गाडी चालवणार असतील तर माझ्या मते एवढ्या एका कारणासाठी नवी घ्यावी.

पण नवी गाडी कुठल्या कामाला लावता यावर तिचं सुखदुःख ठरतं. एक्झॉस्टमध्ये डीपीएफ नावाचा फिल्टर असतो, तो काजळी पकडतो. ती जाळायला फिल्टर ६०० अंश सेल्सिअसच्या आसपास तापावा लागतो. लांब पल्ल्यावर हे चालता चालता होतं, कळतही नाही. भावाची गाडी मुख्यतः हायवेला असते, तिने कधी तक्रार केली नाही. मध्यंतरी फेऱ्यांची अदलाबदल झाली आणि नवी गाडी जवळच्या डिलिव्हरीला लागली: चार किलोमीटर जा, बंद कर, उतरव, परत सुरू कर. थोड्याच दिवसांत फिल्टरचा दिवा आला. डिपस्टिक काढली तर ऑइलची पातळी वाढलेली आणि बोटाला डिझेलचा वास. होतं असं की काजळी जाळायला इंजिन सिलिंडरमध्ये उशिरा जादा डिझेल सोडतं, सफाई अर्धवट राहून गाडी पुन्हापुन्हा बंद केली की त्यातलं काही सिलिंडरच्या भिंतीवरून ऑइलमध्ये उतरतं. पातळ झालेलं ऑइल बेअरिंग आणि टर्बोला घातक. ऑइल बदललं, गाडी हायवेला एकसारख्या वेगात चालवून आणली, दिवा गेला. फेऱ्या परत पहिल्यासारख्या केल्या. ऑइलही कमी राखेचंच टाकावं लागतं, कारण काजळी जळते पण ऑइलमधली राख फिल्टरमध्ये कायमची साठते. शिवाय धुरातले नायट्रोजनचे विषारी वायू कमी करायला एक्झॉस्टमध्ये सोडायचं युरियाचं द्रावण आहे, ३२.५ टक्के युरियाचं. ते उणे ११ अंशाला गोठतं, म्हणून टाकीला हीटर असतो. टाकी पूर्ण रिकामी होऊ दिली तर बंद केलेली गाडी पुन्हा सुरू होत नाही अशी योजना बऱ्याच गाड्यांत असते.

हे सगळं कटकटीचं वाटत असलं तरी ते का आहे हे विसरू नये. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने जून २०१२ मध्ये डिझेलच्या धुराला माणसात कर्करोग करणाऱ्या गोष्टींच्या पहिल्या गटात टाकलं. चांगला चालणारा डीपीएफ काजळीचे बहुतांश कण अडवतो. तो काढून टाकून आतून पोकळ पाइप बसवणारे लोक आहेत. मला ते अजिबात पटत नाही. जुन्या गाडीला हा फिल्टर नाही, म्हणून आम्ही माल चढवता-उतरवताना इंजिन बंदच ठेवतो, नोझल वेळेवर तपासतो, आणि गाडीची ओढ वाढवायला पंपाचं डिझेल कधी वाढवत नाही. दाट वस्तीत दिवसभर फिरणारी गाडी असेल तर फेऱ्या लांब करून किंवा वेगळं इंधन बघून जुनं डिझेल तिथून हलवावं असंच मी म्हणेन.

पैशाचा हिशेब लोक चुकीच्या बाजूने मांडतात. दुरुस्तीचं बिल गाडीच्या आजच्या विक्रीच्या किमतीशी ताडून बघतात आणि घाबरतात. मी ते नव्या गाडीच्या वर्षभराच्या हप्त्यांशी, वाढीव विम्याशी आणि पहिल्या काही वर्षांत होणाऱ्या घसाऱ्याशी ताडलं. आमचं एकदाचं सगळं काम त्यापुढे कमीच भरलं. मात्र या हिशेबात गाडी उभी राहिलेले दिवस धरायलाच हवेत. एकच गाडी असेल आणि एक दिवस बंद पडली तर गिऱ्हाईक तुटत असेल, तर जुनीची स्वस्ताई तिथेच संपते. आम्हाला जुनी परवडते त्यात दुसरी गाडी हाताशी असण्याचा वाटा मोठा आहे. दुसरं, पंप उघडून नीट बांधणारा माणूस जवळपास आहे का, हे आधी बघा. असे कारागीर कमी होत चाललेत.

सध्या जवळच्या, थांबत-थांबत जाणाऱ्या फेऱ्या जुनीकडे आणि लांबच्या नवीकडे अशी वाटणी आहे. जुनी किती दिवस ठेवायची याचीही आमची अट ठरलेली आहे. दर पावसाळ्यानंतर रॅम्पवर घेऊन हातोडीने चेसिस पुन्हा ठोकायची. मुख्य चेसिसला कुठेही भोक किंवा हँगरजवळ चीर निघाली, किंवा पंपाचे सुटे भाग मिळेनासे झाले, की गाडी लोडवरून काढायची. इंजिन आणि गिअरबॉक्स चांगले असतील तर ते सुटे विकायचे, पण चेसिस दुसऱ्या कुणाला रस्त्यावर चालवायला द्यायची नाही.