सिक्वेन्शियल सीएनजी किट: गॅस स्वच्छच, पण फिटिंग?

हे परीक्षण मल्टिपॉइंट इंजेक्शनच्या (इंजिनाच्या प्रत्येक सिलिंडरला वेगळा इंजेक्टर असलेल्या) पेट्रोल गाडीवर नंतर बसवायच्या सिक्वेन्शियल, म्हणजे प्रत्येक सिलिंडरला त्याच्या पाळीने गॅस देणाऱ्या किटचं आहे. मिक्सरवाल्या जुन्या किटच्या नादी लागू नका. त्यात हवा आणि गॅस मॅनिफोल्डमध्येच (इंजिनात हवा नेणाऱ्या नळ्यांत) मिसळलेले असतात, एक ठिणगी मागे आली की ते तिथेच भडकतात, म्हणजे बॅकफायर होतो आणि प्लॅस्टिकचं मॅनिफोल्ड असेल तर ते फुटतं.

सिक्वेन्शियल किटमध्ये काय येतं? गॅसचा सिलिंडर, त्याचा व्हॉल्व्ह, गॅस भरायचा नॉझल, स्टीलची हाय प्रेशर नळी, गॅसचा दाब उतरवणारा रेड्यूसर, फिल्टर, इंजेक्टर रेल (गॅसच्या इंजेक्टरांची रांग), मॅनिफोल्डमधला दाब मोजणारा मॅप सेन्सर आणि गॅसचा वेगळा ईसीयू, म्हणजे इंधन सोडणारा छोटा संगणक. हा ईसीयू स्वतःच्या डोक्याने फारसं काही ठरवत नाही. पेट्रोलचा ईसीयू इंजेक्टर किती मिलिसेकंद उघडायचा ते सांगतो, हा त्याला एका गुणकाने गुणतो आणि तेवढा वेळ गॅसचा इंजेक्टर उघडतो. पेट्रोलचा इंजेक्टर तेव्हा बंद असतो; तो चालूच आहे असं एम्युलेटर पेट्रोलच्या ईसीयूला भासवत राहतो. सगळी करामत त्या गुणकाच्या तक्त्यात आहे.

आधी मर्यादा. ६० लिटर पाणी मावणाऱ्या सिलिंडरमध्ये २०० बार आणि १५ अंशांना कागदावर सुमारे १० किलो गॅस बसतो. भरताना मात्र गॅस तापतो, पंपावरचा काटा २०० दाखवतो आणि आत साडेआठ-नऊ किलोच असतो; गार झाल्यावर काटा खाली येतो. पंपाने फसवलं असं वाटण्याआधी हे लक्षात घ्या. एक किलो गॅस म्हणजे दीड लिटरहून थोडं जास्त पेट्रोल. पण स्टीलचा हा सिलिंडर एकटाच ६० किलोच्या आसपास भरतो आणि डिकी खातो. कंपोझिट (धागे आणि रेझिनचा) सिलिंडर बराच हलका असतो, जागा मात्र तेवढीच घेतो.

पिकअप दहा-पंधरा टक्के पडतो, याला किटचा दोष म्हणू नका. इंजिनाच्या सिलिंडरमध्ये ओढल्या जाणाऱ्या मिश्रणात गॅसच साडेनऊ टक्के जागा अडवतो, तेवढी हवा कमी. शिवाय मिथेन सावकाश पेटतो. टायमिंग अ‍ॅडव्हान्स प्रोसेसर (ठिणगी थोडी आधी पाडणारं यंत्र) लावला तर यातलं थोडं परत मिळतं. मिथेनचा ऑक्टेन (दाबाखाली अवेळी न पेटण्याची क्षमता) १२०च्या वर आहे, म्हणजे इंजिनाचं कॉम्प्रेशन वाढवता आलं असतं. पेट्रोलवरही चालायचं असल्यामुळे ती संधी हातची जाते. गॅससाठीच घडवलेलं इंजिन आणि किटवाली गाडी यांच्यातला खरा फरक हाच.

आता स्वच्छतेचा हिशेब. एक किलो मिथेन जळला की २.७५ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो. तेवढीच ऊर्जा देणाऱ्या पेट्रोलमधून सुमारे ३.६ किलो. फायदा जवळपास ०.८५ किलोचा. काजळी तर नगण्यच, डिझेलशी तुलना केली तर हा मोठा नफा आहे. पण न जळलेला मिथेन शंभर वर्षांच्या हिशेबाने कार्बन डायऑक्साइडच्या २८ पट तापवतो, वीस वर्षांच्या हिशेबाने ८० पटींहून जास्त. म्हणजे किलोमागे ३० ग्रॅम गॅस कुठेतरी निसटला की पहिल्या हिशेबाचा फायदा साफ, आणि दुसऱ्या हिशेबाने १०-११ ग्रॅमच पुरतात. ही गळती विहिरीवर, पाइपलाइनमध्ये, कॉम्प्रेसरवर होते तशी तुमच्या बॉनेटखालीही होते. मिश्रण पातळ राहिलं (हवेच्या मानाने गॅस कमी पडला), मिसफायर झाला, म्हणजे ते पेटलंच नाही, की मिथेन थेट सायलेन्सरमधून बाहेर. धूर शुद्ध करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरलाही तो लवकर पचत नाही. कन्व्हर्टर चारशे अंशांच्या वर तापल्याशिवाय मिथेनवर फारसा परिणाम होत नाही. म्हणून किटचा ब्रँड दुय्यम, फिटर महत्त्वाचा.

चांगल्या फिटरचं काम मॅनिफोल्डपाशी ओळखू येतं. गॅस आत सोडणाऱ्या नॉझलसाठी भोकं पाडताना तो मॅनिफोल्ड खाली उतरवतो. घाईत गाडीवरच ड्रिल मारलं तर धातूचा कीस इंजिनाच्या व्हॉल्व्हच्या सीटवर (व्हॉल्व्ह टेकतो त्या कडेवर) जाऊन बसतो. भोकं पेट्रोलच्या इंजेक्टरजवळ, तिरपी, सगळी एकाच अंतरावर हवीत. रेलपासून नॉझलपर्यंतच्या चारही नळ्या सारख्या आणि आखूड हव्यात. एकच लांब सोडली तर इंजिनाच्या त्या सिलिंडरला गॅस उशिरा पोचतो आणि आयडलिंगला गाडी थरथरते.

रेड्यूसर २०० बार दाबाचा गॅस दोन बारच्या आसपास आणतो. तेव्हा गॅस इतका गार होतो की कूलंटचं गरम पाणी फिरत नसेल तर रेड्यूसरवर पांढरा बर्फ धरतो आणि गाडी चालता चालता बंद पडते. म्हणूनच गाडी पेट्रोलवर सुरू होते आणि पाणी तीस-चाळीस अंशांवर गेल्यावर गॅसवर जाते. बर्फ दिसला तर आधी कूलंटची पातळी बघा. रेड्यूसर बदलायची घाई नको.

गळती शोधायला साबणाचं पाणी आणि ब्रश पुरतो. प्रत्येक जोडावर लावून मिनिटभर बघत बसा, मोहरीएवढा बुडबुडाही चालणार नाही. जोड दाबाखाली असताना पाना लावायचा नाही: सिलिंडरचा व्हॉल्व्ह बंद, नळीतला गॅस संपेपर्यंत इंजिन चालू, मगच पाना. एकदा दाबलेलं फेरूल (जोडात नळीवर आवळली जाणारी कडी) पुन्हा वापरलं की तो जोड पुन्हा गळतो.

देखभालीत स्पार्क प्लगची गॅप ०.७ ते ०.८ मिमी ठेवा. गॅस पेटवायला जास्त व्होल्टेज लागतं, त्यामुळे ठिणगीचं व्होल्टेज देणारी कॉइल अशक्त असेल तर ती पेट्रोलवर लपते आणि गॅसवर उघडी पडते. कॉम्प्रेसरचं तेल गॅससोबत येतं, इंजेक्टर चिकट करतं. फिल्टर दहा-वीस हजार किलोमीटरला बदला. कोरड्या गॅसने व्हॉल्व्हची सीट झिजते, टॅपेट क्लिअरन्स (व्हॉल्व्ह आणि त्याला ढकलणारा भाग यांतली फट) कमी होत जातो, तो तपासत राहा. रोज थोडं अंतर पेट्रोलवर चालवा, नाहीतर पेट्रोलचे इंजेक्टर चिकटतात.

किट कोणी घ्यावं? रोजचं धावणं भरपूर आणि पंप वाटेवर असेल त्याने. डायरेक्ट इंजेक्शनच्या (पेट्रोल थेट इंजिनाच्या सिलिंडरमध्ये फवारणाऱ्या) गाडीला टाळलेलं बरं; इंजेक्टरची टोकं जळू नयेत म्हणून तिथे गॅसवरही थोडं पेट्रोल सोडत राहावं लागतं. छोट्या गाड्यांत गॅसचं भवितव्य विजेसमोर आखूडच दिसतं. लांब पल्ल्याच्या ट्रकला मात्र उणे १६२ अंशांचा द्रवरूप गॅस उपयोगी आहे, आणि शेण-कचऱ्यातून काढलेला बायोमिथेन याच किटमध्ये फेरफार न करता चालतो.

गाडी ताब्यात घेताना फिटरला लॅपटॉप जोडायला सांगा. तापलेल्या इंजिनावर, एकाच वेगात, आधी पेट्रोलवर आणि मग गॅसवर पेट्रोल-इंजेक्शनचा वेळ बघा. दोन्ही आकडे जुळले पाहिजेत. गॅसवर फ्युएल ट्रिम (ईसीयू इंधनात आपोआप करतो ती दुरुस्ती) दहा टक्क्यांच्या पलीकडे भटकत असेल तर गुणकाचा तक्ता तिथेच दुरुस्त करून घ्या, आणि सिलिंडरवर कोरलेली चाचणीची तारीख कागदाशी ताडून पाहिल्याशिवाय सही करू नका.