अमेरिकेतला ‘फूड प्रोग्रॅम’: डे-केअर चालवणाऱ्यांनी घ्यावा का?

घरी डे-केअर चालवणाऱ्या बायका ज्याला नुसतं ‘फूड प्रोग्रॅम’ म्हणतात, त्याचं पूर्ण नाव चाइल्ड अँड अ‍ॅडल्ट केअर फूड प्रोग्रॅम, म्हणजे सीएसीएफपी. पैसा अमेरिकेच्या कृषी खात्याचा, कारभार राज्याचा. मुलांना ठरलेल्या मापाने खायला घालायचं, त्याची नोंद ठेवायची, महिना संपला की क्लेम, म्हणजे पैशांची मागणी, पाठवायची. एका मुलामागे दिवसाला दोन जेवणं आणि एक स्नॅक, किंवा एक जेवण आणि दोन स्नॅक एवढ्याचेच पैसे मिळतात. न्याहारी इथे जेवणात धरतात. टियर वन (जास्त दर) मिळत असेल तर फार विचार न करता घ्यावा. टियर टू (कमी दर) असेल तर आधी कागद-पेन्सिल घेऊन बसावं.

हा टियर काय प्रकार आहे? तुमचं घर ज्या शाळेच्या हद्दीत येतं, तिथली निम्मी किंवा जास्त मुलं मोफत वा सवलतीच्या जेवणाला पात्र असतील, किंवा तुमच्या स्वतःच्या कुटुंबाचं उत्पन्न दारिद्र्यरेषेच्या १८५ टक्क्यांच्या आत असेल, तर टियर वन. नाहीतर टियर टू. आपल्या लोकांनी मुद्दाम चांगली शाळा बघून घर घेतलेलं असतं, आणि नेमकं तेच इथे आडवं येतं.

जुलै २०२४ ते जून २०२५ या वर्षाचे घरगुती डे-केअरचे दर (अलास्का, हवाई सोडून) पाहा. टियर वनला न्याहारी १.६६ डॉलर, दुपारचं जेवण ३.१५, स्नॅक ०.९३. टियर टूला तेच ०.६०, १.९० आणि ०.२६. पाच मुलं, महिन्याचे २१ दिवस, तिन्ही वेळा खाणं असं धरलं तर टियर वनला ६०२.७० डॉलर होतात, टियर टूला २८९.८०. दर दरवर्षी १ जुलैला बदलतात. टियर टूवाल्यांनी एक गोष्ट विसरू नये: स्पॉन्सरला (तुमच्या आणि राज्याच्या मधली संस्था) सांगून पालकांकडे उत्पन्नाचे फॉर्म पाठवता येतात. जी मुलं पात्र ठरतील, त्यांचे पैसे टियर वनच्या दराने मिळतात.

घरगुती डे-केअरला राज्याकडे थेट जाता येत नाही, मधे स्पॉन्सर संस्था लागतेच. तुमच्या जेवणाच्या पैशातून ती काही कापत नाही, तिला कारभाराचा खर्च वेगळा मिळतो. स्पॉन्सर निवडताना एवढं विचारा: क्लेम कागदावर की किडकेअरसारख्या सॉफ्टवेअरवर, महिन्याच्या कितव्या तारखेपर्यंत, आणि पैसे बँकेत थेट येतात का.

घरी न चालणाऱ्या डे-केअर सेंटरचं गणित निराळं. तिथे टियर नाही, कुटुंबाच्या उत्पन्नावरून प्रत्येक मुलाची वर्गवारी असते: फ्री (मोफत), रिड्यूस्ड (सवलतीचं) किंवा पेड (पूर्ण पैशाचं). त्याच वर्षी दुपारच्या जेवणाला ‘फ्री’ मुलामागे ४.४३ डॉलर, ‘रिड्यूस्ड’मागे ४.०३ आणि ‘पेड’मागे फक्त ०.४२. दहापटीचा फरक, आणि तो पालकांच्या उत्पन्नाच्या एका फॉर्मवर ठरतो. सही राहिली, तारीख राहिली, सही करणाऱ्याच्या सोशल सिक्युरिटी नंबरचे शेवटचे चार आकडे राहिले, की मूल पेडमध्ये जातं. एच-फोरवर (नोकरीसाठी आलेल्याच्या जोडीदाराचा व्हिसा) आलेल्या आईकडे बऱ्याचदा नंबर नसतो. तसं असेल तर तिने ती जागा रिकामी सोडायची नाही, ‘नंबर नाही’ अशी खूण करायची. खासगी नफ्याच्या सेंटरला आणखी एक अट असते: किमान २५ टक्के मुलं फ्री-रिड्यूस्डला पात्र असावीत किंवा त्यांना सरकारी अनुदान मिळत असावं. ही टक्केवारी दर महिन्याला बघतात.

आता ताट. तीन ते पाच वर्षांच्या मुलाच्या दुपारच्या जेवणात पाच घटक लागतात: पाऊण कप दूध, दीड औंसाइतकं प्रथिन, पाव कप भाजी, पाव कप फळ आणि अर्धा औंस धान्य (औंस म्हणजे सुमारे २८ ग्रॅम). मराठी स्वयंपाक यात छान बसतो. डाळी-कडधान्य प्रथिनात धरतात. दीड औंसासाठी शिजलेलं कडधान्य तीन अष्टमांश कप, म्हणजे सपाट सहा टेबलस्पून. पातळ वरणात हे माप भरत नाही, कारण पाणी मोजत नाहीत. दाट उसळ करा. तीच उसळ एकाच ताटात प्रथिन आणि भाजी अशी दोनदा दाखवता येत नाही. फळाऐवजी दुसरी वेगळी भाजी चालते, त्यामुळे काकडीची कोशिंबीर कामाला येते. २८ ग्रॅमचा फुलका असेल तर अर्धाच पुरतो. रोज एकदा अख्ख्या धान्याचा पदार्थ हवा. कणकेच्या चपातीने ते होतं, फक्त पिशवीवर मैदा मिसळलेला नाही ना ते बघा. मेन्यूवर ‘चपाती’ एवढंच न लिहिता ‘होल व्हीट चपाती’ लिहा, नाहीतर तपासणीत ती अख्ख्या धान्यात धरणार नाहीत.

घोळ होतो तो ठरावीक चार-पाच ठिकाणी. घरी विरजलेलं दही मोजत नाहीत, नियमात दही म्हणजे विकतचंच. दह्यासाठी घरोघरी विरजण जपणाऱ्यांना हे जड जातं, पण वाद घालून उपयोग नाही. कोशिंबिरीत घरचं दही घाला, फक्त ते प्रथिनात धरू नका. दुधाच्या जागी घरचं ताकही चालत नाही, आणि खिरीतलं दूध दूध म्हणून धरत नाहीत. दूध पेल्यातच द्यायचं, साधं: वर्षाच्या मुलाला फुल फॅट, दोन ते पाच वर्षांच्यांना एक टक्का किंवा फॅट-फ्री. त्यात बोर्नव्हिटा घातलं की ते फ्लेवर्ड झालं, बाद.

तळण तर जागेवर करायचंच नाही. पुरी, बटाटेवडा गेले. तव्यावरचं थालीपीठ चालतं. साबुदाणा धान्यात येत नाही, त्यामुळे खिचडी हौसेने करा, पण धान्याचा घटक वेगळा ठेवा. सगळ्यात फसवा प्रकार म्हणजे पांढरा तांदूळ, रवा आणि पोहे. धान्य अख्खं नसेल तर ‘एनरिच्ड’, म्हणजे जीवनसत्त्वं आणि लोह वरून घातलेलं, असावं लागतं, आणि इंडियन स्टोअरमधला बासमती किंवा रवा बहुधा तसा नसतो. घटकांच्या यादीत नायसिन, लोह, थायमिन, रायबोफ्लेविन, फॉलिक अ‍ॅसिड ही नावं शोधा. उपम्याला अमेरिकन एनरिच्ड फरिना (गव्हाचा रवा) वापरला की प्रश्न मिटतो. एनरिच्ड तांदूळ धुऊ नये, ती जीवनसत्त्वं वरून लावलेली असतात. आपला हात मात्र तीन पाणी काढल्याशिवाय थांबत नाही.

पैसे अडकतात ते बहुतेक वेळा नोंदींमुळे. किती मुलं जेवली ते रोजच्या रोज लिहायचं; शुक्रवारी बसून आठवडाभराचं भरलं की ते कुठेतरी हजेरीशी जुळत नाही. स्पॉन्सरचा माणूस वर्षातून तीनदा येतो, त्यातल्या किमान दोन भेटी न कळवता. जेवणाच्या वेळी मुलांना घेऊन पार्कमध्ये जाणार असाल तर आधी कळवा. तो आला आणि घराला कुलूप दिसलं, तर त्या जेवणाचे पैसे गेले. खोटी नोंद सापडली तर प्रकरण देशपातळीवरच्या अपात्र यादीपर्यंत जातं, आणि त्या यादीत नाव सात वर्षं राहू शकतं. स्वतःच्या मुलाचं जेवणही नीट लिहा: तुमचं कुटुंब उत्पन्नाने पात्र असेल आणि त्याच जेवणाला बाहेरचं मूल हजर असेल, तरच ते क्लेममध्ये जातं.

कागद तीन वर्षं जपायचे, चालू वर्षाचे वेगळे. घरगुती डे-केअरला मिळालेला पैसा करपात्र उत्पन्नात धरतात, स्वतःच्या मुलांपोटी मिळालेला वगळून. समोर खाण्याचा खर्च दाखवताना किराण्याची पावती न् पावती जपायची नसेल, तर आयआरएसचा (अमेरिकेच्या आयकर खात्याचा) ठरावीक दर वापरता येतो. तो टियर वनच्या दरावर बेतलेला असतो आणि टियर टूवाल्यांनाही लागू होतो. त्यासाठी रोजची हजेरी आणि जेवणांची संख्या लागते, ती या क्लेममध्ये आधीच भरलेली असते.