गाडीतला कॉम्प्रेसर फ्रिज: हेब्रिडीजच्या हलाल सहलीपासून आजपर्यंतचा अनुभव

हा फ्रिज आम्ही हिवाळा संपता संपता घेतला, तो एका कामासाठी. स्कॉटलंडच्या वायव्येला अटलांटिकच्या तोंडावर पसरलेल्या आउटर हेब्रिडीज बेटांवर मुलं आणि सासूबाई यांना घेऊन जुलैत आठवडाभर राहायचं होतं, आणि मटण-चिकन आपलं आपण न्यायचं होतं. सहल झाली, त्यानंतर उरलेला उन्हाळा गेला आणि आता थंडीतही तो वापरात आहे. ४० लिटरचा, एकाच कप्प्याचा, गाडीच्या १२ व्होल्टवर आणि घरच्या विजेवरही चालणारा. किंमत तीनशे पौंडांच्या आत. कंपनीचं नाव देत नाही, कारण जे सांगायचं आहे ते या प्रकारच्या कुठल्याही फ्रिजला लागू पडेल.

मत आधीच सांगते. गाडी घेऊन या बेटांवर जाणार असाल आणि घरात हलाल काटेकोरपणे पाळत असाल, तर राहण्याचं बुकिंग करण्याआधी फ्रिजचं बघा. जेवणाची सोय गाडीतच आहे म्हटल्यावर शहराजवळच राहायला हवं हे बंधन सुटतं. मग याच बेटांतल्या हॅरिसच्या पश्चिम किनाऱ्यावरचं, मैलभर शेजार नसलेलं घरसुद्धा विचारात घेता येतं.

बेटांवरच्या दुकानांवर आणि खानावळींवर भिस्त ठेवायची नाही, हे आम्ही पहिल्या दिवशी ठरवलं. लुईस भागातल्या मुख्य गावाची, स्टोर्नोवेची, ‘मारग डूव’, म्हणजे रक्त, गाईची चरबी आणि ओट घालून केलेली काळी पुडिंग, तिथली शान आहे. २०१३ मध्ये तिला युरोपचं भौगोलिक मानांकन मिळालं. नाश्ता देणाऱ्या घरांमध्ये ती बेकनबरोबर त्याच तव्यावर परतली जाणार, हे गृहीतच धरायचं. यजमान कितीही प्रेमळ असले तरी रोज सकाळी त्यांना तवा वेगळा आहे का विचारत बसणं दोन्हीकडून अवघड. फिश अँड चिप्सच्या दुकानांतही नुसता मासा मागून भागत नाही. स्कॉटलंडमध्ये कित्येक ठिकाणी तळणीला तेलाऐवजी बीफ ड्रिपिंग म्हणजे गाईची चरबी वापरतात, आणि त्याच कढईत सॉसेजही तळतात. दोन्ही गोष्टी विचाराव्या लागतात. विचारलं की लोक सरळ उत्तर देतात, कोणी कपाळाला आठी घालत नाही.

म्हणून स्वयंपाकघर असलेलं घर घेतलं. घरून आमची कढई, तवा, दोन सुऱ्या आणि कापायची पाटी नेली. ही पाटी विसरू नका. लाकडी पाटीवर आधी काय कापलंय याचा अंदाज लागत नाही.

आता फ्रिज. बाजारात दिसायला सारखेच पण निम्म्या किमतीचे ‘इलेक्ट्रिक कूलर’ मिळतात. ते कॉम्प्रेसरचे नसतात. बाहेरच्या हवेपेक्षा साधारण वीसेक अंश थंड करणं एवढीच त्यांची झेप, गोठवण्याचं काम त्यांचं नव्हे. कॉम्प्रेसरचा फ्रिज उणे १८ पर्यंत जातो आणि बाहेर ऊन असलं तरी तिथेच राहतो. आठवड्याचं मटण न्यायचं तर हा फरक निर्णायक आहे. मात्र ताजं मटण त्यात टाकून गोठण्याची वाट बघू नये. घरच्या फ्रीझरमध्ये आधी दगडासारखं करून घ्यावं, फ्रिज आदल्या रात्री घरच्या विजेवर रिकामा चालू ठेवावा आणि निघताना भरावा. मी एका जेवणाला लागेल तेवढंच, पिशवीत चपटं पसरून गोठवते आणि पिशव्या फायलींसारख्या उभ्या लावते. वाटणही तसंच. कडेला राहिलेल्या फटींमध्ये पाव कोंबला. हवा जितकी कमी तितकी थंडी टिकते.

खरी परीक्षा बोटीवर असते. ग्लासगोहून मुख्य भूमीवरच्या अलापूल बंदरापर्यंत पाचेक तास गाडी चालू, तोवर काळजी नाही. पण फेरीत गाडी बंद करून वर जावं लागतं आणि बोट चालू असताना गाड्यांच्या डेकवर कोणाला थांबू देत नाहीत. अलापूल ते स्टोर्नोवे पावणेतीन तास, त्याआधी रांगेत उभं राहणं वेगळं. आमच्या गाडीचं सॉकेट इंजिनाबरोबर बंद होतं. तेवढ्या वेळात आकडा चार-पाच अंश चढला, पिशव्या मात्र कडकच होत्या. परतीच्या वाटेवर फ्रिज निम्मा रिकामा होता तेव्हा आकडा बराच भराभर चढला. परतताना पाण्याच्या गोठवलेल्या बाटल्या भरल्या तर ते टळतं.

वाऱ्याचा हिशेब याच्यापेक्षा मोठा. या बेटांवर झाडं थोडी आणि अटलांटिकचा वारा अडवायला मध्ये काही नाही. आर्नोलचं जुनं ‘ब्लॅकहाउस’, म्हणजे तिथलं पारंपरिक दगडी घर, बघायला गेलात तर दुहेरी जाडीच्या बुटक्या भिंती आणि दोरांना दगड बांधून दाबून धरलेलं छप्पर बघून ते लगेच समजतं. वारा वाढला की फेऱ्या रद्द होतात, उन्हाळ्यातसुद्धा. म्हणून दोन दिवसांचं जास्तीचं जेवण गोठवून न्यायचं, हा माझा नियम. आम्हाला ते मुक्कामाच्या शेवटी उपयोगी पडलंच. त्यातच एका संध्याकाळी घरची वीज गेली. झाकण उघडायचं नाही अशी मुलांना ताकीद देऊन फ्रिज तसाच ठेवला, आणि वीज आली तेव्हा आतलं सगळं जसंच्या तसं होतं.

उणिवाही आहेत. १२ व्होल्टचा प्लग खड्ड्यांनी हळूहळू सैल होतो, आणि एकपदरी रस्त्यांवर ‘पासिंग प्लेस’मध्ये, म्हणजे समोरच्या गाडीला वाट देण्याच्या जागेत, सारखं आत-बाहेर करताना तर जास्तच. थांबलो की दिवा बघायची सवय लावली. गाडीची बॅटरी वाचवण्यासाठी, म्हणजे व्होल्टेज ठरावीक आकड्याखाली गेलं की फ्रिज आपोआप बंद व्हावा म्हणून, तीन पायऱ्या दिल्या आहेत. सर्वांत वरच्या पायरीवर आमचा फ्रिज मध्येच बंद पडायचा, कारण मागच्या सॉकेटपर्यंतची तार बारीक आणि लांब असली की व्होल्टेज घसरतं. मधल्या पायरीवर आणल्यापासून तक्रार नाही. भरल्यावर तो एकट्याने उचलता येत नाही. फोनवरचं ॲप ब्लूटूथवर चालतं, म्हणजे फ्रिजच्या जवळ असाल तरच. त्यासाठी जास्त पैसे मोजू नका. आणि आडवा करून नेला तर काही तास उभा ठेवल्याशिवाय चालू करू नये.

४० लिटरपेक्षा मोठा घ्यावा का? माझं उत्तर नाही, आणि त्याचं कारण समुद्र. आम्ही कोकणी मुसलमान शाफई, म्हणजे त्या नावाची धर्मशास्त्राची परंपरा मानणारे, आमच्याकडे समुद्रातलं जवळजवळ सगळं हलाल. हेब्रिडीजमध्ये हॅडॉक, मॅकरेल, खेकडे, स्कॅलप आणि लँगुस्टीन म्हणजे लांब नांग्यांची कोळंबी ताजी मिळते. सासूबाईंनी मॅकरेल बघितला आणि हा बांगड्याचाच भाऊ म्हणून आनंदाने साफ करायला बसल्या. निम्म्या रात्रींना फ्रिजला हातही लावावा लागला नाही. घरात हनफी, म्हणजे दुसरी परंपरा मानणारी, मंडळी असतील तर खेकडे आणि शिंपले वगळून बेत करा, आणि फ्रिज जरा जास्त भरा.

जेवणाच्या वेळा नमाजशी जुळवाव्या लागतात, आणि उत्तरेला ५८ अंशांवर हे काम सोपं नाही. जुलैच्या सुरुवातीला मगरीबच, म्हणजे सूर्यास्तानंतरची नमाज, रात्री साडेदहाच्या सुमारास होते. सूर्य क्षितिजाखाली फार जात नाही, म्हणून संधिप्रकाश रात्रभर राहतो आणि सूर्य १८ अंश खाली गेल्यावर इशा, म्हणजे रात्रीची नमाज, हा नेहमीचा हिशेब साधारण मेच्या सुरुवातीपासून ऑगस्टच्या मध्यापर्यंत लागूच होत नाही. ॲपमध्ये ‘उच्च अक्षांश’ असा पर्याय असतो. सूर्यास्तानंतर रात्रीचा सातवा भाग गेल्यावर इशा धरायची की आणखी काही, हे निघण्याआधी आपल्या मौलानांना विचारून ठरवावं. तिथे पोहोचल्यावर मध्यरात्री घरात वाद नको. प्रवासाच्या दिवशी जोहर-असर या दुपारच्या दोन नमाज जोडून कसर केली, म्हणजे प्रवासाच्या सवलतीने आखूड पढल्या. एकाच घरात आठवडा राहणार असल्याने तिथे मात्र पूर्ण नमाज. किब्ला, म्हणजे मक्केची दिशा, साधारण आग्नेयेकडे. उघड्यावर नमाजसाठी खालून मेणकापड असलेली चटई घ्या आणि चारही कोपऱ्यांवर दगड ठेवा. हॅरिसमधल्या लस्केंटायरच्या वाळूवर साधी जानमाज, म्हणजे नमाजची चटई, क्षणभर जागेवर राहत नाही. चामड्याचे मोजे असतील तर मसह, म्हणजे पाय न धुता मोज्यांवरून ओला हात फिरवणं, करता येतं आणि त्या थंड वाऱ्यात पाय उघडे करणं वाचतं. आमच्या सासूबाईंना त्याचा फार आधार झाला.

स्टोर्नोवेत मशीद आहे, हे वाचून पुष्कळांना नवल वाटतं. दक्षिण आशियातली मुस्लिम कुटुंबं तिथे कित्येक दशकं आहेत. मशीद मात्र २०१८ च्या मे महिन्यात, रमजानच्या तोंडावर, लोकवर्गणीतून उभी राहिली. नवरा आणि मुलगा जुम्याला, म्हणजे शुक्रवारच्या नमाजला, तिथे गेले, आणि मला मनापासून बरं वाटलं. रविवारचं वेगळं नियोजन लागतं. लुईस आणि हॅरिसमध्ये अजूनही पुष्कळ लोक ‘सबाथ’, म्हणजे रविवारचा धार्मिक विसावा, पाळतात. स्टोर्नोवे-अलापूल फेरी रविवारी सुटायला लागली ती २००९ मध्ये, आणि तिथलं मोठं सुपरमार्केट रविवारी उघडायला लागलं ते २०२४ मध्ये. गावात अजून बरंच काही बंद असतं. सबाथ पाळणाऱ्या शेजारात त्या दिवशी आम्ही कपडे बाहेर वाळत घातले नाहीत. ज्यांना आपल्या जुम्याची कदर व्हावी असं वाटतं, त्यांनी दुसऱ्यांच्या रविवारची करावी, असं सासूबाई म्हणाल्या. पेट्रोल, दूध, भाजी शनिवारी दुपारपर्यंत घेऊन ठेवा आणि रविवारी कॅलनिशच्या उभ्या दगडांकडे जा. साडेचार हजार वर्षांहून जुने आहेत, आणि त्या उघड्या माळावर कुंपणाबाहेरही चालायला भरपूर जागा आहे.

सहलीआधी आणि नंतरही फ्रिजला काम पुरलं. बकरी ईदला कुर्बानीचं मटण दुसऱ्या शहरातल्या नणंदेकडे गोठलेलं पोहोचवलं. घरचा फ्रीझर भरला की हा गॅरेजमध्ये जोडीला चालतो. पंख्याचा आवाज आता सुरुवातीपेक्षा किंचित वाढलाय, पण झोपेच्या खोलीत ठेवला नाही तर त्रास नाही.

विमानाने स्टोर्नोवेला उतरून भाड्याची गाडी घेणार असाल तर हा फ्रिज तुमच्या कामाचा नाही. मग मासळीवर आणि डाळ-भातावर आठवडा काढायचा बेत करा, आणि घर स्टोर्नोवेच्या जवळचंच बघा.