अकरा महिने 'जुळलेली' तेरीज: दुकानाच्या हिशेबाचा प्रोग्राम वापरल्यानंतरचा अनुभव

फेब्रुवारी 2025 च्या दुसऱ्या आठवड्यात आमच्या दुकानाचे एक जुने गिऱ्हाईक, जे स्वतः वायरिंगची कामे घेतात, मोबाइल हातात धरून गल्ल्यापाशी आले आणि म्हणाले, "वहिनी, हे पैसे माझे नाहीत. एप्रिलातच मी चेक देऊन खातं मिटवलं होतं." त्यांच्या मोबाइलवर आमच्याच प्रोग्रामने पाठवलेला खातेउतारा होता आणि त्याच्या शेवटी 3,600 रुपये जमा शिल्लक, म्हणजे आम्ही त्यांना देणे लागतो अशी रक्कम, दिसत होती. अकरा महिने दर महिनाअखेरीस ज्या तेरजेवर, म्हणजे सगळ्या खात्यांच्या नावे (डेबिट) आणि जमा (क्रेडिट) शिलकांच्या बेरजा सारख्या आहेत का हे दाखवणाऱ्या तक्त्यावर, विसंबून मी निर्धास्त होत होते, ती तेरीज पहिल्या दिवसापासून चुकीची होती हे त्या एका वाक्याने उघडकीस आले, आणि हा अनुभव सविस्तर लिहिण्याचे कारणही तेच आहे.

आमचे दुकान कराडला आहे. वायर, स्विच, पंखे, एलईडी दिवे असा विद्युत साहित्याचा किरकोळ व्यापार, एकाच मालकीचा, आणि हिशेब लिहिण्याचे काम गेली पंधरा वर्षे माझ्याकडे आहे. 31 मार्च 2024 पर्यंत सगळे हिशेब बांधीव वह्यांत होते: रोजकीर्द (रोजच्या नोंदींची वही), रोकड वही, खरेदी-विक्रीच्या वह्या आणि खतावणी (प्रत्येक खात्याचा वेगळा हिशेब असलेली वही). 1 एप्रिलपासून आम्ही वार्षिक वर्गणीचा एक प्रोग्राम घेतला. वर्गणी 4,200 रुपये आणि त्यावर 18 टक्के जीएसटी, असे एकूण 4,956 रुपये मोजले. कराच्या 756 रुपयांचे क्रेडिट मिळते, म्हणजे ते आमच्या देय जीएसटीतून वजा होतात, हे खरे असले, तरी वह्यांचा वर्षाचा खर्च हजाराच्या आतच असल्यामुळे हा निर्णय आमच्यासाठी लहान नव्हता. प्रोग्रामचे नाव मी मुद्दाम लिहीत नाही, कारण माझा आक्षेप ज्या एका रचनेवर आहे, ती आपापल्या प्रोग्राममध्ये आहे की नाही हे प्रत्येकाने स्वतः तपासावे अशी माझी इच्छा आहे.

रोजच्या कामाबद्दल आधी थोडक्यात लिहिते. दहा हजारांचा माल उधारीवर गेला की बिल करतानाच ग्राहकाच्या खात्याला 11,800 नावे, विक्री खात्याला 10,000 जमा आणि सीजीएसटी (केंद्राचा वाटा) व एसजीएसटीला (राज्याचा वाटा) प्रत्येकी 900 जमा, अशा चारही ठिकाणच्या नोंदी आपोआप होतात. वहीत हेच बिल आधी विक्री वहीत, मग खतावणीत आणि महिनाअखेरीला कराच्या तक्त्यात, असे तीनदा लिहावे लागत होते. आम्ही जीएसटीची तिमाही विवरणपत्रे भरतो, त्यामुळे तिमाही संपल्यावर 13 तारखेपर्यंत विक्रीचे आणि 22 तारखेपर्यंत कराचे विवरणपत्र जायलाच लागते. त्या दिवसांत रात्री जागून बेरजा करणे यंदा पूर्णपणे थांबले. एका व्यक्तीला एका दिवसात दहा हजारांहून अधिक रोख दिल्यास तो खर्च आयकरात धरला जात नाही, आणि तशी नोंद करू लागले की हा प्रोग्राम आधीच सूचना देतो. या सोयींबद्दल माझी काहीही तक्रार नाही.

तक्रार तेरजेबद्दल आहे. प्रोग्राम सुरू करताना जुन्या वह्यांतल्या अखेरच्या शिलका आरंभीच्या शिलका म्हणून भराव्या लागतात. आमच्या नावे बाजूला रोख 18,450, बँक 1,26,300, मालसाठा 6,84,000, ऋणको (आमच्याकडे उधारी असलेले ग्राहक) 2,13,760, फर्निचर 92,000 आणि जीएसटीचे शिल्लक क्रेडिट 14,490, असे मिळून 11,49,000 होते. जमा बाजूला धनको (ज्यांचे पैसे आम्ही देणे लागतो ते) 3,47,200, बँकेचे कर्ज 1,50,000 आणि भांडवल 6,51,800, म्हणजे तेवढेच 11,49,000. वहीत ही तेरीज पैशापर्यंत जुळलेली होती. ऋणकोंच्या यादीत त्रेचाळीस नावे होती आणि ती भरताना वर उल्लेखलेल्या गृहस्थांच्या नावापुढे 7,380 ऐवजी 3,780 असा आकडा माझ्याकडून पडला. चूक माझी होती आणि ती मला मान्य आहे, कारण हाताने आकडे लिहिणाऱ्या प्रत्येकाकडून अंकांची अशी अदलाबदल कधी ना कधी होते. हिशेबाच्या शास्त्राने तेरीज नावाची पायरी ठेवली आहे ती अशी चूक पकडण्यासाठीच.

प्रोग्रामने काय केले ते पाहा. नावे बाजू 3,600 ने कमी पडताच त्याने उचंत खाते (उलगडा न झालेली रक्कम तात्पुरती ठेवण्याचे खाते) आपणहून उघडले, फरक त्यात नावे टाकला, ते खाते 'इतर चालू मालमत्ता' या गटात ठेवले आणि तेरजेच्या डोक्यावर हिरव्या खुणेसह 'जुळली' असा शब्द दाखवला. मला विचारले नाही आणि फरक किती, हेही सांगितले नाही. त्याच गटात जीएसटीचे क्रेडिट असते, जे दर महिन्याला कमीजास्त होत असते, त्यामुळे 14,490 च्या जागी 18,090 दिसले तरी डोळ्यांना काही खटकले नाही. वर्षभर दर महिनाअखेरीस मी तेरजेचा कागद काढला, हिरवी खूण पाहिली आणि कागद फाइलला लावला.

ज्यांनी हाताने तेरीज केली आहे त्यांना फरकाच्या आकड्याचे मोल सांगायला नको. फरकाला दोनने भाग जात असेल, तर त्याच्या निम्म्या रकमेची एखादी नोंद उलट्या बाजूला पडली आहे का ते आधी पाहायचे. नऊने भाग जात असेल, तर अंकांची अदलाबदल शोधायची. 3,600 ला नऊने भाग जातो. त्याही पुढे, त्याला 900 ने भागले की 4 येतात, म्हणजे ज्या आकड्यात हजाराच्या आणि शेकड्याच्या स्थानावरील अंकांत चाराचा फरक आहे तो आकडा पाहायचा. त्रेचाळीस नावांच्या यादीत हजाराच्या स्थानी 3 आणि शेकड्याच्या स्थानी 7 असलेली एकच रक्कम होती. प्रोग्रामने 1 एप्रिलला मला फक्त '3,600 चा फरक आहे' एवढे सांगितले असते, तर चहा निवायच्या आत चूक सापडली असती. न जुळणारी तेरीज ही अडचण नसते, ती सूचना असते, आणि ती सूचना दडपण्याचा अधिकार कोणत्याही प्रोग्रामला नाही असे माझे ठाम मत आहे.

आमच्या सीएंच्या कार्यालयात टॅली हा हिशेबाचा दुसरा प्रोग्राम वापरतात. तिथे आरंभीच्या शिलकांत फरक राहिला, तर तेरजेत त्याची स्वतंत्र ओळ उमटते आणि फरक मिटेपर्यंत जात नाही. म्हणजे हे करता येण्याजोगे आहे आणि नवीनही नाही.

आमच्या प्रोग्रामच्या मदत केंद्राकडे मी तीन वेळा तक्रार नोंदवली. तिन्ही वेळा उत्तर एकच आले: तेरीज जुळत असल्यामुळे आपल्या हिशेबात दोष आढळत नाही. आणि तिन्ही वेळा तक्रार बंद झाल्याचा संदेश आला. हा संदेश वाचताना मला जो संताप आला तो 3,600 रुपयांसाठी नव्हता. ज्या माणसाने आपण होऊन दुकानात येऊन खाते तपासायला सांगितले, त्याच्यासमोर आमच्या दुकानाचा हिशेब खोटा ठरला होता, आणि उत्तर देणाऱ्यांना त्याचे गांभीर्यच कळत नव्हते. त्या आठवड्यात मी पुन्हा वह्या आणण्याचे मनात पक्के केले होते.

माझे मत बदलले ते चौथ्या फोननंतर, आणि ते प्रामाणिकपणे लिहिणे आवश्यक आहे. त्या वेळी फोनवर आलेल्या तरुणाने जवळजवळ चाळीस मिनिटे दिली. त्याने मला तेरजेच्या गटाच्या आकड्यावर दोनदा टिचकी मारायला सांगितली. गट उघडून त्यातली खाती दिसली. खात्यावर तसेच केल्यावर महिने दिसले, महिन्यावर केल्यावर नोंदी, आणि नोंदीवर केल्यावर मूळ बिल. अकरा महिने मी तेरजेचा फक्त छापील कागद पाहत होते आणि ही वाट मला कोणी दाखवलीच नव्हती. त्या एका संध्याकाळी मी संपूर्ण तेरीज या रीतीने वरून खालपर्यंत उघडून पाहिली, आणि वहीत ज्याला दोन दिवस लागले असते ते काम तीन तासांत झाले.

त्याच तपासणीत दुसरी एक गोष्ट सापडली, जी कोणतीही तेरीज दाखवू शकत नाही. बँकेचा उतारा प्रोग्राममध्ये घेतला की त्यातील मजकुरावरून तो खाते सुचवतो. घरच्या आयुर्विम्याचे हप्ते आमच्या चालू खात्यातून जातात. ते मालकाची उचल (मालकाने घरासाठी काढलेले पैसे) म्हणून लिहायला हवेत, पण 'विमा' हा शब्द पाहून प्रोग्रामने ते दुकानाच्या विम्याच्या खर्चात सुचवले होते आणि दोन वेळा मी ती सूचना न वाचता मान्य केली होती. दोन्ही बाजू सारख्याच राहिल्यामुळे तेरीज जुळते, नफा मात्र तेवढा कमी दिसतो. जी नोंद मुळात झालीच नाही, जी चुकीच्या जातीच्या खात्यात गेली किंवा जिच्यातली चूक दुसऱ्या तेवढ्याच चुकीने झाकली गेली, ती तेरजेच्या बेरजेतून कधीच कळत नाही. म्हणून आता मी बँकेच्या उताऱ्यावरील सूचना एकगठ्ठा मान्य करण्याचा पर्याय बंद ठेवला आहे आणि रोज रात्री दुकान बंद केल्यावर त्या एकेक करून वाचते. यूपीआयच्या लहान लहान जमांमुळे यात वीस मिनिटे जातात, आणि ती जाऊ द्यावीत असे माझे मत झाले आहे.

3,600 ची दुरुस्ती कशी करावी यावर माझे आणि त्या तरुणाचे थोडे मतभेद झाले. त्याच्या मते आरंभीचा आकडा थेट बदलावा, म्हणजे उचंत खाते आपोआप शून्य होईल. वहीत खाडाखोड करायची नाही, दुरुस्ती नव्या नोंदीने करायची, असे मला पहिल्यापासून शिकवलेले आहे. म्हणून मी रोजकीर्दीत ग्राहकाचे खाते नावे 3,600 आणि उचंत खाते जमा 3,600 अशी नोंद केली आणि खाली स्पष्टीकरणात 7,380 व 3,780 हे दोन्ही आकडे लिहिले, जेणेकरून पुढे कोणीही वाचले तरी काय घडले ते कळावे. कंपन्यांना 1 एप्रिल 2023 पासून प्रत्येक बदलाची नोंद ठेवणारा प्रोग्रामच वापरावा लागतो. आमच्यासारख्या एका मालकीच्या दुकानावर ते बंधन नाही, तरीही ही सोय आमच्या प्रोग्राममध्ये बंद अवस्थेत होती, ती मी चालू करून घेतली.

आणखी एका बाबीवर बोलल्यावाचून राहवत नाही. प्रोग्रामच्या मराठी रूपात तेरजेला 'चाचणी शिल्लक' म्हटले आहे, आणि नावे-जमा यांच्या जागी डेबिट-क्रेडिट आहे. रोजकीर्द, खतावणी, तेरीज, ताळेबंद हे शब्द पेशवाईच्या दप्तरात वापरात होते आणि आजही कॉमर्सची मुले अकरावीला तेरीज पत्रक शिकतात. 'चाचणी शिल्लक' म्हणजे काय हे माझ्या सासऱ्यांना, ज्यांनी चाळीस वर्षे या दुकानाची खतावणी लिहिली, दोनदा समजावून सांगावे लागले. मराठी रूप द्यायचे तर हिशेब लिहिणाऱ्या एखाद्या माणसाला बसवून शब्द ठरवावेत.

वर्गणीचे नूतनीकरण मार्चअखेर करायचे होते. तीन वर्षांची एकदम भरल्यास सवलत होती, पण ती मी नाकारली आणि एकाच वर्षाची वर्गणी भरली. पैसे भरण्यापूर्वी मी एक परीक्षा घेतली: प्रोग्राममध्ये नवीन रिकामे दुकान उघडून मुद्दाम एका नावावर चुकीची शिल्लक भरली. हिरवी खूण पुन्हा आलीच. आपल्या प्रोग्रामबद्दल शंका असेल त्यांनी हीच परीक्षा करून पाहावी, दहा मिनिटे लागतात. त्या तरुणाने माझी सूचना पुढे पाठवल्याचे लेखी कळवले आहे, आणि उचंत खाते किमान स्वतंत्र गटात तेरजेच्या शेवटी दिसेल अशी व्यवस्था त्याने आमच्यापुरती करून दिली आहे. तो गट आता शून्य दाखवतो.

त्या गृहस्थांना दुरुस्त केलेला खातेउतारा मी छापून, शिक्का मारून हातात दिला. त्यांनी तो घडी घालून खिशात ठेवला आणि दीड चौरस मिलिमीटर वायरची दोन बंडले रोखीने घेऊन गेले. यंदाच्या ऋणकोंच्या शिलकांची यादी मी पेन्सिलीने लिहून बेरीज केली आहे, आणि 1 एप्रिलला ती प्रोग्राममधल्या आकड्यांशी नावानिशी ताडून पाहणार आहे.